टप्पे

पहाटे साडेचारला पिरनवाडी क्रॉसवर
कुत्रीसुद्धा ओळख देत नाहीत.
अंगात खाकी नाही ना.
भाच्याची ट्रॅकपँट, गुडघ्यावर शिवलेली,
गळ्यात शिट्टीची जुनी दोरी. शिट्टी घरी.

एकोणीस वर्षं ह्या रस्त्यावर मी उभी आहे,
चालले मात्र कधीच नव्हते.
किणये म्हणजे अठरा रुपये,
कुसमळी तीस,
जांबोटी म्हटलं की बोट आपोआप मशीनवर.
आता किणये म्हणजे पोटरीत आलेला गोळा.
आणि पुढचा तो चढ,
आडिव्याप्पा तिसऱ्या गिअरवर गुणगुणत काढतो तो,
तिथं चढ आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मागून सायकलवर निंगोजी मामा, पलटणीतून रिटायर.
त्याच्या खिशात घडी घातलेला तक्ता:
सोमवारी बारा, बुधवारी सोळा, रविवारी लांब.
शुक्रवारी आराम,
म्हणजे माझी डबल ड्यूटी.
मार्चमध्ये पाच दिवस, दीडशे किलोमीटर.
"पळू नकोस," मामा म्हणतो,
"पळणारं दमतंय. नुसतं फुडं जात ऱ्हा."
एकोणीस वर्षं हेच तर मी गाडीतल्या लोकांना सांगतेय,
फुडं चला, फुडं चला, मागं जागा नाही.

सातेरी गुरव, कणकुंबीच्याही आतल्या गावचा.
मंगळवार, शुक्रवार, मुक्कामाची गाडी.
दारामागची सीट.
डावा हात मांडीवर उताणा ठेवायचा,
कुणी त्यात काहीतरी ठेवणार असल्यासारखा.
येताना झोपलेला असे.
कुसमळीला उठवा म्हणायचा, नदी बघायची असते.
चार तास यंत्रावर, पाच तास माझ्या गाडीत.
एकदा हिशेब करून म्हणाला,
"बाई, माझं रक्त यंत्रापेक्षा तुमच्या गाडीनंच जास्त फिरवलंय."
आम्ही दोघंही हसलो. मी सुट्टे दिले.
एका शुक्रवारी त्याच्या फाट्यावर
दोन मिनिटं गाडी थांबवून ठेवली.
मागून कुणीतरी म्हणालं, चला की बाई.
मी डबल बेल दिली.

खानापूरच्या दवाखान्यात आणखी एक यंत्र बसलं
तर अलीकडेच उतरता येईल कुणाला तरी.
एवढंच.
आडिव्याप्पा किलोमीटरमागं दहा देतो म्हणाला,
डेपो मॅनेजर म्हणाले, बघूया.
आणि फुकट प्रवासवाल्या बायका,
ज्यांना मी रोज शून्याचं तिकीट देते,
त्यातल्या एकीनं परवा उतरताना
तेच तिकीट माझ्या मुठीत कोंबलं.
आत अठरा रुपये, चिल्लरसकट.
दुसऱ्या दिवशी तिघींनी.
आता पाकीट फुगलंय आणि मशीनमध्ये हिशेब शून्य.
इन्स्पेक्टर चढला तर काय सांगू?

नावग्याच्या वळणावर शेण काढणारी म्हातारी ओरडली,
"यव्वा, बस बरतैति!"
पळू नको, बस येतेय.
ठाऊक आहे गं आज्जी, माझीच आहे ती.
गाडीची पाटी कन्नडात, सुट्ट्या पैशांची भांडणं मराठीत,
धाप मात्र कुठल्याच भाषेत धड लागत नाही.

आज लांबचं पळणं.
कुसमळीच्या पुलावर उजवा अंगठा ओला लागला.
पाणी असेल, म्हटलं.
मागून गाडी आली, हळू झाली.
दारात बदलीचा पोरगा, माझी बॅग त्याच्या खांद्यावर.
"चढा बाई. कोण बघतंय?"
कुणीच बघत नव्हतं, खरं होतं त्याचं.
आत ऊब होती, डिझेलचा वास होता,
दारामागच्या सीटवर कुणाची तरी केळ्यांची बुट्टी.
मी मान हलवली.
पोरग्यानं बेल दिली, एकच.
मग चुकलं म्हणून आणखी एक.

कठड्याशी थांबले. मलप्रभेत पाणी थोडं,
दगडांवर एक बगळा.
बघून घेतलं, दोघांचं.
"थांबू नकोस गे!" मामा मागून.

जांबोटी अजून सहा किलोमीटर.
सात रुपये.